मागून मारलेली हाक

मनू,

दोन ओळी लिहिल्या की उठतोय. दारापर्यंत जातो, बाहेर बघतो, परत येऊन बसतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आबा, तुम्ही बसलाय की उभे आहात ते एकदा ठरवा." आता म्हणणारं कोणी नाही, म्हणून फेऱ्या वाढल्यात.

हे काम अभिजितरावांनी गळ्यात घातलं. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यासाठी पानं ठेवलीत. म्हणाले, "आबा, तुम्हीही लिहा." मी म्हटलं, अहो जावईबापू, चौथी शिकलेला माणूस मी, जन्मभर ट्रक चालवला, मला कशाला भरीला घालताय. तर म्हणाले, "बोलता तसं लिहा. मी टाइप करून देतो, एक शब्द बदलणार नाही." बदलून बघाच, म्हटलं.

बाकीच्यांनी काय लिहिलंय ते त्यांनी वाचून दाखवलं. हसतमुख. मनमिळाऊ. सगळ्यांना सांभाळून घेणारी. मी ऐकत होतो आणि मला वाटत होतं, ही दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी गेलेली दिसते. मनमिळाऊ कसली, भांडखोर होतीस तू. एक मुद्दा धरलास की वर्षानुवर्षं सोडायची नाहीस. माझ्यावर गेली होतीस, दुसरं काय. आणि आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. तू मध्येच निघून गेलीस. ते पुरं करायचं म्हणून लिहितोय. श्रद्धांजली वगैरे मला जमत नाही.

त्यात घाई आहे. शनिवारी माझं विमान आहे. व्हिसा संपला, कराडला जायचं. तुझ्या ईराला अजून सांगितलेलं नाही. सांगावं की नाही हेच ठरत नाही, आणि तेच तर आपलं भांडण होतं. निघताना माणसानं निरोप घ्यावा की घेऊ नये.

माझं म्हणणं तुला पाठ आहे, पण अंक वाचणाऱ्यांना माहीत नाही. मला ट्रक शिकवला तो उस्ताद सांगायचा, गाडीकडं जाताना घरच्यांशी बोलायचं नाही. चहा उभ्यानं प्यायचा, चपला घालायच्या, निघायचं. बायकोनं उंबऱ्यात उभं राहायचं नाही. कधी येणार असं कुणी विचारायचं नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मागून हाक मारायची नाही. कुणी मारलीच तर थांबायचं, खाली बसायचं, पाणी प्यायचं, घटकाभर जाऊ द्यायची आणि मग नव्यानं निघायचं. मी हे सगळं पाळलं. घाटांमध्ये किती गाड्या दरीत पडलेल्या बघितल्या, ओळखीच्यांच्या बघितल्या. मी मात्र प्रत्येक खेपेला घरी आलो. तुला हा पुरावा पुरत नव्हता. म्हणायचीस, "आबा, दरीत पडले त्यांनाही त्यांच्या उस्तादानं हेच शिकवलं असेल की." याला मी कधी उत्तर दिलं नाही. आजही देणार नाही.

तू पाच-सहा वर्षांची असशील. मी निघालो होतो, आणि तू अंगणातून ओरडलीस, "आबाऽ!" झालं. थांबलो. ओट्यावर बसलो, पाणी मागितलं. तुझी आई तुझ्यावर करवादली. तू माझ्या मांडीवर चढून बसलीस, माझ्या खिशातला कंगवा काढलास आणि माझा भांग उलटा पाडलास. त्या दिवशी तुला कळलं की हाक मारली की बाप थांबतो. मग काय, दर खेपेला हाक! मी फाटकाशी पोचेपर्यंत दम धरायचीस आणि मग ओरडायचीस. आईनं तोंडावर हात ठेवला तर तिच्या हाताला चावायचीस. माल वेळेवर पोचेना, मालक बोलायला लागला. म्हणून मी पहाटे निघायला लागलो, तू झोपेत असताना. मोठी झाल्यावरही तुला वाटायचं की ट्रकवाले पहाटेच निघतात. ट्रकवाले कधीही निघतात, मनू. मी तुझ्यामुळं पहाटे निघत होतो.

हे तुला सांगायचं राहिलं. तसं बरंच राहिलंय.

मध्ये उठलो. हायवेवरच्या पुलावर जाऊन आलो. तिथं उभा राहिलो की खालून ट्रेलर जातात, तेवढंच मन लागतं. इथले ट्रेलर काय धुतलेले असतात! चिखलाचा डाग नाही, लिंबू-मिरची नाही, मागं काही लिहिलेलं नाही. कोण चालवतोय, कुठल्या देवाचा आहे, काही कळायला मार्ग नाही. येताना सायकलच्या तांबड्या वाटेवरून चालत आलो, तर तीन बायका घंटी वाजवून गेल्या. हॉर्न म्हटलं असतं मी याला, पण तेवढी ताकद नाही त्यात.

तर जपान. पुण्याला जाऊन तू जपानी शिकलीस आणि एका सरकारी योजनेतून तिकडच्या खेड्यांत इंग्रजी शिकवायला गेलीस. आपल्या आळीत कुणाला पटेना. जपानला लोक मोटारी शिकायला जातात, ही शिकवायला निघाली, आणि तेही खेड्यात! तुझा पहिला फोन मला अजून आठवतो. "आबा, डोंगर, भात, पाऊस. आपलं पाटणच आहे हो हे. फक्त कुणी हॉर्न वाजवत नाही." तुझ्याकडं तीन शाळा होत्या. मुलं कमी, म्हातारी माणसं फार. वरच्या डोंगरातल्या शाळेत तर दोन-दोन इयत्ता एका वर्गात बसायच्या. दुपारचं जेवण तू मुलांच्या बाकांवर बसून करायचीस, आज या वर्गात, उद्या त्या वर्गात.

आणि मग ती फरशी. जेवण झालं की म्हणे मुलं आणि मास्तर मिळून सगळी शाळा झाडतात, पुसतात. ओलं फडकं दोन्ही हातांखाली धरायचं आणि वाकून, ढुंगण वर करून, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटायचं. मी म्हटलं, "यासाठी शिकवलं का तुला? मास्तरीण होऊन फडकं मारायला?"

"हेडमास्तरपण पुसतात, आबा."

"का? शिपाई पळून गेला का?"

"शिपाई नाहीच इथे. आपली घाण आपण काढायची. तुम्ही नाही का तुमची गाडी स्वतः धुवायचात?"

"गाडी वेगळी."

"कशी वेगळी?"

मी फोन ठेवला. तुला वाटलं मी रागावलो. रागावलोच होतो. पण पुढच्या खेपेला निपाणीजवळच्या धाब्यावर मी पाच-सहा ड्रायव्हरांना बसवून हेच सांगितलं, आमची पोरगी अशा शाळेत मास्तरीण आहे जिथं हेडमास्तर फरशी पुसतो. कुणाचा विश्वास बसेना. मी म्हटलं, नका ठेवू, माझं काय जातंय. बेंगलोरपर्यंत माझी छाती खाली आली नव्हती. हेही तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू पुढं तीस वर्षं ते मला ऐकवलं असतंस.

पाच वर्षांनी तुझं तिथलं काम संपलं. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर निघायचं ठरलं. दोन शाळांत रीतसर निरोप झाला, तू स्टेजवर, मुलं रांगेत, गाणं, फुलं. तिसरी ती वरची, लहान शाळा. तिथं आपल्याला रडू आवरणार नाही हे तुला माहीत होतं, म्हणून तू बापाचा रस्ता धरलास. हेडमास्तरांनी सांगितलं होतं की जायच्या दिवशी सकाळी शाळेत येऊन जा. तुला वाटलं, खोलीची किल्ली द्यायला बोलावतायत. ती तू आदल्या दिवशीच देऊन टाकलीस आणि सकाळच्या पहिल्या बसनं निघालीस. गुपचूप. कुणाला त्रास नको.

इकडं मुलं शाळेच्या दारापासून फाटकापर्यंत दोन रांगा करून उभी. ऊन तापलेलं, हातात कागदाची फुलं. कुणी बसा म्हणेना आणि कुणी बसेना.

हेडमास्तर स्वतःची गाडी काढून बसच्या मागं आले. पुढच्या थांब्यावर तुला गाठलं. तुला वाटलं, आता हे बोलणार. आणि तो एवढा मोठा माणूस रस्त्याच्या कडेला कमरेत वाकला आणि म्हणाला, तुम्हाला नीट सांगण्यात आमची चूक झाली, माफ करा. "आबा, शिव्या घातल्या असत्या ना त्यांनी, तर मी बसमध्येच बसून राहिले असते," असं तू मला म्हणालीस. मी असतो तर घातल्या असत्या. त्यांनी घातल्या नाहीत, म्हणून तू उतरलीस आणि माघारी गेलीस.

मग एकेक मूल पुढं येऊन एकेक वाक्य बोललं, आणि तू प्रत्येकाला नाव घेऊन उत्तर दिलंस. एक मुलगी म्हणाली, फरशी पुसताना तुम्ही नेहमी सगळ्यांच्या मागं राहायचात बाई, पण अर्ध्यात कधी सोडलं नाहीत. तिथं तू रडलीस. हेडमास्तरांनी तुला स्टेशनपर्यंत सोडलं. मुलं फाटकात उभी राहून हात हलवत होती. गाडी वळणाआड गेली. पण तो रस्ता डोंगराला वळसा घालून पुन्हा शाळेच्या समोरच्या अंगाला निघतो, तिथून तू खाली बघितलंस. रस्ता रिकामा, धूळसुद्धा खाली बसलेली, आणि मुलं अजून हात हलवतायत.

स्टेशनवरून फोन केलास मला. हे सगळं हुंदके देत सांगितलंस. आणि मी काय म्हटलं? "निघाल्यावर माघारी फिरलीस?"

तिथून सुरू झालं ते. तू म्हणायचीस, "न सांगता जाणारा सुटतो, आबा. उभं राहावं लागतं ते मागच्यांना." मी म्हणायचो, निरोप घेतला म्हणजे जाणं कबूल केलं. मी आजवर एकदाही कबूल केलं नाही, म्हणून दर वेळी परत आलो. तू लग्न केलंस, अभिजितरावांच्या मागं इथं डच मुलखात, फेल्डहोवनला आलीस, ईरा झाली, तरी दर दिवाळीच्या फोनवर कुठून तरी हे निघायचंच. पुण्याच्या विमानतळावर तू मागं वळून वळून हात करायचीस आणि मी पार्किंगकडं चालायला लागलेलो असायचो. पाठ दिसायची तुला माझी. पाठीवरून काय कळतं माणसाचं?

काल इथवर लिहून उठलो ते परत बसवेना. पुढचं लिहायला नको वाटतं. पण तू तिथंच येऊन बसलीस, तर तिथूनच लिहितो.

तुझी ती शेवटच्या दुखण्यातली खाट, पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. घरी येणारी नर्स. आणि तुझी ती हाउसआर्ट्स, फॅमिली डॉक्टर म्हणायची ती, सायकलवरून यायची. पाठीला पिशवी, केस वाऱ्यानं उडालेले. ती बाई तुझ्या अंथरुणावर बसून म्हणाली की आता दुखणं औषधानं थांबत नाही, तर उद्या दुपारपासून झोपेचं औषध सुरू करू. अभिजितरावांनी मला समजावून सांगितलं, हे मारायचं औषध नाही आबा, फक्त तिला काही कळणार नाही, आणि ती जागी होणार नाही. त्याआधी ज्याला बोलायचंय त्यानं बोलून घ्या, असं डॉक्टर म्हणाल्या.

आणि तू काय केलंस? वेळा लावल्यास! या देशात केस कापायचे तरी वेळ घ्यावी लागते, तसं. मंडळातल्या तुझ्या मैत्रिणी आल्या, एकेक आत गेली, दार लागलं, डोळे पुसत बाहेर आली. शेजारची डच बाई आली. अभिजितराव कितीतरी वेळ आत होते. ईरा होती. शेवटी माझा नंबर. मी सांगून टाकलं, मी येणार नाही. मी निरोप घेत नाही, तिला माहीत आहे. जिवंत माणसाचा तर नाहीच नाही. आणि कोट चढवून बाहेर पडलो.

फाटकाशी पोचलो असेन, तोच मागून, "आजोबाऽ!"

ईरा दारात उभी. कधी मोठ्यानं न बोलणारी पोर. मी जागीच थांबलो. आता काय करणार? थांबलो, तिथं पायरीवर बसलो. ईरानं पाण्याचा ग्लास हातात दिला. तो तिनं आधीच भरून आणला होता! म्हणजे हे शिकवून पाठवलेलं होतं. खाटेवर पडल्या पडल्या तू मला पकडलंस. ग्लास रिकामा झाल्यावर ईरानं माझं बोट धरलं आणि आत नेलं.

तू म्हणालीस, "बसा."

"उभा बरा आहे."

"आबा, मी आता झोपणार आहे."

"झोप की. मी कुठं नको म्हणतोय?"

"उठणार नाही. सांगितलंय ना तुम्हाला?"

"सायकलवर येणाऱ्या डॉक्टरचं काय ऐकायचं."

तू हसलीस. हसताना दुखलं तुला. मग म्हणालीस, "तुम्हाला वाटतं ना, मी तेव्हा माघारी फिरले म्हणून हे झालं?"

"मी कधी म्हणालो तसं?"

"म्हणाला नाहीत. वाटतं का, विचारतेय."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. आता सांगतो. वाटलं होतं, एकदा. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, पहिल्यांदा कळलं त्या दिवशी. पण तिथंच स्वतःला म्हटलं, अरे गाढवा, पोरं उन्हात उभी होती. त्यांच्यासाठी माघारी फिरलेल्या माणसाचं वाईट करणारा कोणी देव असेल, तर त्याला माझ्यासमोर उभा करा. हे मला तुझ्यापाशी बोलायला हवं होतं. तेव्हा तोंडाशी आलं नाही. तू वाट बघितलीस आणि मग तूच विषय बदललास.

"ईराला सांगून जा."

"कुठं?"

"कराडला. इथे थोडेच राहणार आहात? तुम्ही पहाटे उठाल, बॅग उचलाल, आणि ती शाळेला जायला उठेल तेव्हा तुमची खोली रिकामी. मला माहीत आहे."

"पोरीची झोप कशाला मोडायची?"

"माझी मोडली असतीत तर मला चाललं असतं, आबा."

तू म्हणालीस, "शब्द द्या."

"बघू."

"बघू म्हणजे नाही."

"बघू म्हणजे बघू."

बाहेर सायकल लावल्याचा आवाज आला. डॉक्टरीण आली होती. मग तू हात जोडून मान वाकवलीस, त्या जपानच्या शाळेतल्यासारखी, आणि एकदम पुस्तकातलं बोललीस, "आबा, तुम्ही माझा सांभाळ केलात. मी आभारी आहे." मी चिडलो. "आभार कसले मानतेस? सत्काराला आलोय का मी?" आणि स्वयंपाकघरात येऊन उभा राहिलो. नळ चालू केला. भांडी घासलेली होती, तीच परत घासली.

ते आपलं शेवटचं बोलणं. भांडणच झालं. वाईट वाटतं म्हणावं तर तसंही नाही. गोड बोललो असतो तर तू ओळखलं नसतंस मला.

तू गेलीस त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. आपल्याकडं सकाळी गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत नदीवर पोचतो. इथं तुला थंड गादीवर घरातच ठेवली, दिवसच्या दिवस, कारण दहनाची वेळ मिळायची होती. शेजारी फुलं घेऊन येत, कॉफी पीत, हळू आवाजात बोलत. आत तू. मी पुलावर जायचो, परत यायचो, तू तिथंच. एकदा रागानं तुला म्हटलं, बाई, तुझा निरोप संपणार आहे की नाही? मग तुझ्या कपाळावरचा केस बाजूला केला. थंडगार. त्या खेपेनंतर मात्र मी खोलीतून हललो नाही. मनात म्हटलं, जेवढे दिवस देतायत तेवढे बसू.

दहनाच्या हॉलमध्ये सगळे बोलले. ईरानं डच भाषेत वाचून दाखवलं. मला विचारलं, मी नाही म्हणून मान हलवली. शेवटी अभिजितरावांनी फोन जोडून भिंतीवरच्या पडद्यावर जपान लावलं. त्यांनी तिकडं कळवलं होतं. तुझी ती वरची शाळा आता बंद झालीय, मुलंच उरली नाहीत. त्या बंद शाळेच्या फाटकात तुझी मुलं उभी होती. मुलं कसली, बाप्ये आणि बाया, कुणाच्या कडेवर पोर. कुठून कुठून गावी आलेली. तिकडं अंधारायला लागलं होतं. एकेकानं पुढं येऊन नाव सांगितलं, एकेक वाक्य बोलले. मला एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. मग सगळे कमरेत वाकले, आणि तसेच राहिले.

आता फोन बंद करायचा ना? पण कुणी करेना! ते करेनात, कारण आपण आधी गेल्याशिवाय ते हलत नाहीत. अभिजितरावांचा हात उठेना. हॉलचा माणूस घड्याळ बघतोय, बाहेर पुढच्या मयताची माणसं येऊन थांबलेली. आणि ती माणसं पडद्यावर वाकलेली, मागं डोंगर, कुणाच्या तरी पोराचं रडणं. मला वाटलं, आता ओरडावं, अरे उठा रे, कंबर मोडेल. शेवटी ईरा पुढं गेली. तिनं पडद्याला हात हलवला, मग बंद केलं.

नंतर कॉफी आणि केकचा एकेक तुकडा दिला. मी म्हटलं, इथं केक? माणूस जाळल्यावर केक? आणि खाल्ला. भूक लागली होती.

मनू, तुला हरवायची माझी फार इच्छा होती. या एका मुद्द्यावर तरी. पण ती वाकलेली माणसं मला बसू देत नाहीत. पंचविशीच्या पुढची झाली असतील ती. त्या दिवशी तू माघारी फिरली नसतीस तर ती आज तिथं उभी राहिली असती का? राहिली असती, कदाचित. मुलं मोठ्या मनाची असतात. पण त्यांनी तुझं नाव वेगळ्या आवाजात घेतलं असतं. एवढं मला कळतं. मी चुकलो असं मी म्हणणार नाही. मी घाटातून परत येत होतो आणि तो माझा मार्ग होता. तुझा वेगळा होता, एवढंच कबूल.

आज दुपारी ईराला शाळेतून आणायला गेलो. ती सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालते, मला चढायची हिंमत नाही म्हणून. वाटेत मी म्हटलं, "शनिवारी मी कराडला जाणार."

"व्हॉट?"

"विमान आहे."

ती थांबली. "फॉर हाउ लाँग?"

"माझं घर आहे तिकडं."

"दॅट्स नॉट ॲन आन्सर, आजोबा."

तुझाच आवाज. मग ती मराठीत बोलली, जे ती माझ्याशी क्वचित बोलते. "परत येणार का तू?"

मी म्हटलं, गुडघे टिकले तर. व्हिसा दिला तर. माहीत नाही. खोटं कशाला बोलायचं? ती सायकलवर बसली आणि निघून गेली. मागं बघितलं नाही. मी वाऱ्यात एकटा उभा. तुला म्हटलं, बघ. बघ काय झालं सांगून. न सांगता गेलो असतो तर आज पोर हसत घरी आली असती. घरी पोचेपर्यंत मी तुझ्याशी भांडत होतो, मोठ्यानं. लोक बघत होते.

घरी तिच्या खोलीचं दार बंद. मी चहा केला, प्यायलो नाही. बसलो, उठलो. माझी बॅग उघडली, शर्ट बाहेर काढले, परत भरले. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं तरी दार उघडेना. मी दारापाशी जाऊन उभा राहिलो आणि माघारी आलो. काय बोलायचं असतं अशा वेळी, तुला माहीत होतं. तू प्रत्येकाला नाव घेऊन बोलू शकायचीस. मला एवढंच सुचलं की आतून रडण्याचा आवाज येतोय आणि आपण इथंच बाहेर थांबायचं. घराबाहेर जायचं नाही, पुलावर तर नाहीच नाही. थांबलो.

मग ती बाहेर आली. डोळे सुजलेले. "हू लात?" म्हणजे किती वाजता, एवढं मला आता कळतं.

"पहाटे. तू झोपेत असशील."

"मला उठव."

"थंडी असते गं. अंधार असतो."

"आजोबा, उठव मला. आईसारखं नको करू."

मी म्हटलं, आईसारखं म्हणजे? म्हणाली, आई सांगून गेली, पण ती झोपेतच गेली, जाताना दिसलीच नाही. तू चालत जाणार आहेस, तर मला बघायचंय. पोरांचं बोलणं. मला पुरतं कळलं नाही.

सवयीनं तोंडातून निघालं, "बघू."

ती हलली नाही. कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "बघू नाही. हो की नाही?"

तुला दिला नव्हता तो शब्द मी तिला दिला. हो म्हणालो, मनू.